कुमाररावांची शिकवणी

॥ श्री मंगाई प्रसन्न ॥

वडगाव, बेळगाव
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

ती. सौ. इंदुआक्का,

मनूचा नमस्कार. टेम्पोवाल्या शामूच्या हाती पाठवलेली पिशवी काल दुपारी मिळाली. आत निघालं ते असं: गूळ दोन किलो, शेंगाचटणीचा डबा, इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक (छापील किंमत ४२५) आणि मोबाईल उभा करून ठेवायचा स्टँड, त्याच्या खोक्यावर २९९ आहे. गूळ-चटणी तुझी आणि पुस्तक-स्टँड व्याह्यांकडचं, असं शामूनं सांगितलं. भाडं घेतलं नाही, पण भजी दोनदा मागून घेतली, म्हणजे फिटंफाट. चटणीत लसूण जरा जास्त झालाय. ह्यांना तशीच आवडते.

इकडे देवीच्या कृपेनं बरं चाललंय. साड्यांना उठाव नाही म्हणून चार मागांतले दोनच चालू आहेत. ह्यांचा खोकला थंडीनं वाढलाय, काढा घेतात, विडी मात्र सुटत नाही. आज मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, सकाळी घट मांडला. पाच फळं म्हणून पाच केळीच मांडली. लक्ष्मीनं मनावर घेऊ नये.

आरोही कशी आहे? तुझी आरोही व्याह्यांच्या थोरल्याला आणि माझी तेजस्वी धाकट्या कुमाररावांना, दोघी मावसबहिणी एका घरात जावा झाल्या, तेव्हा आपल्याला किती हलकं वाटलं होतं. दिवाळीला निपाणीत तुझ्याकडं भेटली तेव्हा आरोही थकलेली दिसली. असो.

तेजस्वीचा अभ्यास जोरात आहे. इंग्लंडात नवऱ्याकडं जायचं तर बायकोनं आधी इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यावी लागते, ती सहा जानेवारीला बेंगळूरला आहे. शिकवणी कसली लावायची? कुमाररावच शिकवतात. दिवेलागण झाली की तिकडनं फोन येतो. ‘व्हॉट डिड यू डू टुडे?’ म्हणजे आज काय काय केलंस, तो झाला भूतकाळ. मग ‘व्हॉट आर यू डूइंग नाऊ?’, आत्ता काय करतेयस. मग उद्याचं विचारतात. एका बैठकीत तिन्ही काळ होतात. चुकलं की ‘फुल सेंटेन्स’ म्हणतात, म्हणजे पूर्ण वाक्य बोल, आणि पुन्हा म्हणायला लावतात. आपल्या शाळेत बाईंनी गो-वेंट-गॉन घोकून घेतलं, त्यावर मी मॅट्रिकला इंग्रजीत सुटले, पण जन्मात कुणाशी एक वाक्य बोलले नाही. म्हणून मी भाकऱ्या थापता थापता ऐकत बसायची. बरं वाटायचं.

शेजारची रुक्माबाई तर मुद्दाम बघायला यायची. म्हणाली, “मनुबाई, आमचा जावई पोरीला ‘जेवलीस काय’ म्हणून मराठीत बी इचारत न्हाय, आन् तुझा तिकडनं इंग्लिशमधी इचारतोय. असला जावई काय मंगाईला नवस बोलून मिळाला व्हय गं?” मी म्हटलं, “न्हाय बाई, आमच्या आक्कानं दिला.”

सोमवारची गंमत सांगायची राहिली. कुमारराव म्हणाले, “आई, तुम्ही पण एक वाक्य बोला की.” मी हात पुसले आणि बोलले. ‘यस्टर्डे तेजस्वी वेंट टू स्वरूपाज हाऊस. स्वरूपाज ब्रदर ब्रॉट हर ऑन बाईक.’ स्वरूपा म्हणजे तिची शाळेतली मैत्रीण, पिरनवाडीला असते. रविवारी तेजस्वी तिच्याकडं गेलेली, येताना बस चुकली म्हणून स्वरूपाच्या भावानं गाडीवरनं दारात सोडलं. तेवढंच सांगितलं. ब्रिंगचं ब्रॉट होतं हे तीस वर्षांनी आठवलं म्हणून माझी मीच खूश. ते म्हणाले, “व्हेरी गुड, आई. व्हेरी गुड.” मग तेजस्वीला फोन घेऊन आतल्या खोलीत जायला सांगितलं. तिच्या वाटणीच्या भाकऱ्या गार झाल्या तरी ती बाहेर आली नाही.

तेव्हापासून ती माझ्याशी फारसं बोलत नाही. गालाला सूज आहे. दाढ दुखते म्हणते, लवंगेचं तेल लावलंय.

एक मात्र खटकतं. मागाच्या कांड्यांवर सूत भरताना ती वाक्यं पुटपुटत असते, पण ती रोज तीच. मी उठले, मी झाडलं, मी कांड्या भरल्या, मी जेवले, मी झोपले. आठ महिने शिकून वाक्यं वाढायला हवीत की नको? मी म्हटलं, “अगं, बाजारातलं, देवळातलं काय तरी सांगत जा की.” तर म्हणते, “कुठं जातच न्हाई आई, तर काय सांगू?” आणि खरंच ती कुठं जात नाही. तेवढी रविवारी गेली.

आक्का, व्याह्यांकडं एक शब्द टाकून बघशील का, परीक्षा दोन-तीन महिने पुढं गेली तर? अशक्तपणा आहे असं सांग. दुसरं काही सांगू नको. थांबते, दिवा लावायचाय, फोनची वेळ झाली.

शनिवार, १४ डिसेंबर

पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. वरचं सगळं फाडून नव्यानं लिहिणार होते, मग म्हटलं राहू दे. ह्या घरात बसून मी काय ऐकत होते आणि काय समजत होते, ते तुला दिसू दे.

आमच्या गल्लीचं तू जाणतेस. माग चालू असले की शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं, आणि एका घरातलं दुसऱ्या घरात काही जात नाही. घरातल्या घरातही जात नाही. काल तेजस्वी आतल्या खोलीत फोनवर होती आणि करंट गेला. सगळ्या गल्लीचे माग एकदम थांबले. हे मागापाशी अंधारात चाचपडत होते, मी काडेपेटी शोधत होते.

आतनं तेजस्वीचा आवाज आला. ‘आय विल नॉट गो टू स्वरूपाज हाऊस.’ मी स्वरूपाच्या घरी जाणार नाही. आणि पाठोपाठ चापट बसल्याचा आवाज. मग पुन्हा तेच वाक्य, पुन्हा चापट. फोनमधनं कुमारराव म्हणत होते, ‘फुल सेंटेन्स. लाऊडर.’

आक्का, खोलीत ती एकटीच होती.

मी दार ढकललं. नवीन स्टँडवर फोन उभा, त्याच्या उजेडात ही उभी, आणि स्वतःचा हात स्वतःच्या गालाशी. मला बघून तिनं हात खाली घेतला नाही. त्यांनी खाली घे म्हटलं नव्हतं ना. मी फोनसमोर आले तशी ते म्हणाले, “आई, प्रॅक्टिस चाललीय.” आवाज अगदी रोजचा. व्हेरी गुड म्हणाले होते तोच.

हे माझ्या मागं येऊन उभे राहिलेत हे मला खोकल्यानं कळलं. ह्यांनी फोन उचलला, तो बंद कसा करतात ते ह्यांना येत नाही, म्हणून सुताच्या पेटीत घातला आणि वर झाकण टाकलं. पेटीतनं हॅलो, हॅलो, आई, असं चाललंच होतं. तेवढ्यात रुक्माबाई मेणबत्ती घेऊन दारात. करंट गेल्यावर तिलाही ऐकू गेलं असणार. “काय झालं गं मनुबाई?” मी म्हटलं, “काय न्हाय, पोरीचा अभ्यास चाललाय.” तोंडातनं तेच गेलं. तिनं तेजस्वीच्या गालाकडं बघितलं आणि मागं फिरली.

तेजस्वीनं पेटी उघडून फोन बंद केला, मग बोलली. लग्न होऊन ते परत गेले, त्या आठवड्यापासून हे चालू आहे. फोन दिवसभर समोर उभा पाहिजे, म्हणून तो स्टँड. ती कुठं जाते ते त्यांना तिकडं दिसतं. कुठं गेली की संध्याकाळी एकेका वाक्याला दहा प्रश्न. कोण होतं, कोण बघत होतं, तू हसलीस का, पूर्ण वाक्यात सांग. उत्तर मनासारखं आलं नाही की मागनं आतल्या खोलीत, तिच्याच हातानं, गालाची पाळी. “दिवस जेवढा रिकामा आई, तेवढा तास लवकर सुटतो,” म्हणाली. म्हणून तिनं जाणंच सोडलं. देवळात नाही, बाजारात नाही. रविवारी एकदा जीव घुसमटला म्हणून फोन घरी विसरल्यासारखं करून स्वरूपाकडं गेली. आणि सोमवारी मी हात पुसून माझं वाक्य बोलले.

हे म्हणाले, “परीक्षेला जायाचं न्हाई. झालं ते झालं.” तर पोरगी ह्यांच्या पायाशी बसली. “मला जायाच लागतंय, आप्पा. मी पास झाले न्हाई तर आरोहीआक्काचं काय व्हईल, ते त्यांनी सांगून ठेवलंय.” ह्यांनी विचारलं, “काय व्हईल?” ती म्हणाली, “आता जे व्हतंय त्येच, पर दार लावून न्हाई, उघड्यावर.”

आक्का, आता मी काय लिहू?

दिवाळीला मी आरोहीला साधं विचारलं होतं, किती दिवस राहणार माहेरी म्हणून. तिनं आधी फळीवरच्या फोनकडं बघितलं, मग तुझ्याकडं. उत्तर तू दिलंस. आणि पदर डोळ्याला लावून धूर झाला म्हणालीस. तुझ्याकडं गॅस आहे. मी तेव्हाही लाडूच वळत बसले. त्याच घरात तू माझी लेक सुचवलीस तेव्हा तुला किती ठाऊक होतं, हे विचारायला हे पत्र नाही. विचारलं तर तू खरं सांगशील, तुझा तो स्वभावच आहे. आणि मग आपण एकमेकींच्या दारात कशा जाणार? तुझंही कुणी ऐकलं नसेल, एकटीला जड झालं असेल, आपली माणसं त्या घरात वाढली तर तिला आधार होईल असं वाटलं असेल. मी एवढंच धरून चालते.

आम्ही ठरवलंय ते नीट वाच. तेजस्वीला आम्ही पाठवणार नाही. परीक्षाही नाही, इंग्लंडही नाही. त्यांनी घातलेले दागिने फडक्यात बांधून देवापुढं ठेवलेत, ते जसेच्या तसे परत जातील. पण आरोही त्या घरातनं बाहेर पडल्याशिवाय आम्ही तोंड उघडणार नाही. इकडं आम्ही नाही म्हटलं की तिकडं तिच्यावर निघेल. म्हणून तोवर सगळं रोजच्यासारखंच चाललंय असं दाखवायचं. काल करंट गेला, अंधारात फोन ह्यांच्या हातातनं पेटीत पडला, असं कुमाररावांना सांगितलं. आज तेजस्वी पुन्हा स्टँडसमोर बसली. मी शेजारी बसले, मलाही इंग्रजी शिकायचंय म्हणून. चादरीखाली तिचा उजवा हात धरून ठेवला होता. मी असले की ते तसलं काही करायला लावत नाहीत, नुसते प्रश्न विचारतात. पण रोज मी बसले तर किती दिवस चालवून घेतील, सांगता येत नाही.

फोन करू नको. माझ्याही फोनात त्यांनीच काय काय घालून दिलंय, कुणाशी काय बोलणं होतं ते तिकडं कळतं, असं तेजस्वी म्हणते. तुझा फोन आरोहीच्या नवऱ्यानं घेऊन दिलेला आहे, तेव्हा तुझ्याकडं असताना आरोहीशीही ह्यातलं एक अक्षर बोलू नको. देवळात ने, फोन घरी ठेवून, आणि तिथं बोल.

सव्वीस तारखेला शेवटचा गुरुवार, माझं उद्यापन. मावशीनं आरोहीला सवाष्ण म्हणून बोलावलंय, असं व्याह्यांना सांग. देवीच्या कार्याला ते नाही म्हणणार नाहीत. लक्ष्मीचं नाव घेऊन खोटं बोलायला लावते आहे, त्याचं जे काय असेल ते माझ्या माथी येऊ दे. आरोहीला अंगावरच्या लुगड्यानिशी येऊ दे, पिशवी भरायला लावू नको, संशय येईल. इथं दोघी राहतील. ह्यांना विचारलंय. “एक ताट जास्त वाढ,” एवढंच म्हणाले आणि मागावर जाऊन बसले.

तुझ्या घरी काय होईल, भाऊजी काय म्हणतील, लोक काय म्हणतील, ते मी जाणते. तुला भीती वाटत असेल. मलाही वाटते. पण इथं रोज दिवा लावला की माझी पोर गाल पुसून त्या फोनसमोर बसते, आणि तुझं उत्तर येईपर्यंत बसणार आहे.

आरोहीला तू घेऊन येतेस, की न्यायला मी निपाणीला येऊ, एवढं उलट टपाली कळव.

तुझी,
मनू