आयडलवरचे तास

रहाटणी
रविवार, दुपार

प्रिय धम्मपाल,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंच असशील. सातवीत फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्याकडे होतं आणि त्याखाली तू काहीतरी खोडसाळ जोडायचास. मार मात्र मला बसायचा. तू फोन नंबर बदललास. मी तुझ्या घरी जाऊन आले. भिमामावशींनी चहा केला, पण लेकाचा विषय काढला की त्या उठून गॅसकडे जातात. परवा काळेवाडीच्या मेडिकलमध्ये साक्षी भेटली. तिनेच सांगितलं की तू राजगुरुनगरला खोली घेऊन राहतोस, चाकणला एका गोदामात माल उतरवून घ्यायच्या कामावर आहेस, कंपनीच्या बसने जातोस-येतोस आणि पान्याला हातसुद्धा लावत नाहीस. बहीण असून तिच्या स्कूटीचा ब्रेक सैल झाला तरी 'दुसरीकडे दाखव' म्हणतोस. ते ऐकून मी दुकानातच उभी राहिले, मागची माणसं पुढे गेली. हे पत्र साक्षीच्याच हाती देतेय. वाचून फाडलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

आधी मोईजची हकिगत सांगते. तू साक्षीला तेवढंच विचारलंस म्हणे, 'उठून बसतो का?' नाही बसत. मानेखाली फक्त डावा खांदा थोडा हलतो, तोही चिडला की जास्त. त्याची खाट गॅरेजला लागून असलेल्या पुढच्या खोलीत टाकलीय आणि मधलं दार काढून टाकलंय, म्हणजे त्याला पडल्या पडल्या शटरपर्यंत दिसतं. त्याची कूस मी आणि त्याच्या अम्मी मिळून बदलतो. सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि माझी कंबर, त्यामुळे कोण कोणाला धरतंय ते कळत नाही. पाठीवरची एक जखम भरत आली की दुसरीकडे कातडी लाल होते. फिजिओथेरपीच्या सुमनताई येतात, त्याची बोटं हलवून देतात आणि जाताना दाराशी मला सांगतात, आशा सोडू नका. आशा सोडायची नाही म्हणजे नेमकं काय करायचं, ते सांगत नाहीत. मी चाकणची नोकरी सोडली. तिथे लाइनवर पार्ट तपासायचे तेव्हा ओके आणि रिजेक्ट असे दोन ट्रे असायचे. इथे दिवस मावळतो आणि तो कुठल्या ट्रेमध्ये टाकावा समजत नाही.

तुमची ती डर्ट बाइक अजून घरातच आहे. तुम्ही दोघांनी ती सुट्या भागांत टेम्पोतून आणली तेव्हा मी विचारलं होतं, किती किलोमीटर पळालीय? तुम्ही कसे हसला होतात! मोईज म्हणाला, हिला किलोमीटर विचारायचे नसतात, तास विचारायचे. चिखलात चाक जागच्या जागी फिरतं, चढावर इंजिन किंचाळतं आणि अंतर तर काहीच होत नाही, मग झीज मोजणार कशाने? म्हणून हँडलजवळ ते चपटं मीटर, इंजिन चालू असेल तेवढाच वेळ मोजणारं. इतक्या तासांनी ऑइल बदलायचं, इतक्यांनी टॅपेट जुळवायचे, इतक्यांनी पिस्टन आणि रिंग नवे टाकायचे. तू पहिली शिफ्ट संपवून थेट गॅरेजवर यायचास, अंगावर कंपनीचाच शर्ट. मोईजला पळवायची घाई आणि तुला जपायची. 'राव, अजून चालतंय की,' असं तो म्हणायचा आणि तू म्हणायचास, 'चालतंय तेव्हाच उघडायचं असतं, भावा. बंद पडल्यावर कोणीही उघडतं.' तुमचं भांडण ऐकत मी आतून तुमच्यासाठी पोहे पाठवायचे. मला तेव्हा वाटायचं, या दोघांना बायका नकोतच.

ज्या दिवशी तो पडला, त्या दिवशी चाकणच्या पुढच्या त्या ट्रॅकवर मी नव्हते. मला जे कळलं ते इतरांकडून. तू नवा पिस्टन टाकल्यावरची ती पहिली मोठी फेरी होती आणि तू कडेला उभा होतास. उडीवर गाडी हवेत गेली, आवाज एकदम बंद पडला आणि पुढचं चाक आधी आपटलं. सगळ्यांच्या तोंडी एकच होतं, इंजिन सीझ झालं, पिस्टन आतच अडकला. इस्पितळात सरदारभाईंनी, मोईजच्या थोरल्या भावाने, सगळ्यांदेखत तुला विचारलं, 'इंजन तूनेच बांधा था ना?' मी तेव्हा आत होते. अम्मींनी हे मला फार उशिरा सांगितलं. तू म्हणे बाकावरून उठलास, हातातली मोईजची पाण्याची बाटली अम्मींजवळ दिलीस आणि गेलास. तेव्हापासून आलाच नाहीस.

आता पुढचं नीट वाच. घरी आल्यावर मोईजच्या गळ्यातली नळी निघाली आणि हळूहळू आवाज परत आला. त्या आवाजात त्याने आधी पाणी मागितलं आणि मग म्हणाला, 'रुबी, गाडी चालू कर.' गाडी टेम्पोवाल्याने टाकली तशीच ताडपत्रीखाली होती. अम्मी म्हणाल्या, 'मरी हुई गाडी है, छोड दे बेटा.' पण त्याने खाटेवरून हट्ट धरला. जुनं पेट्रोल काढ, नवं घाल, न्यूट्रल बघ, किक अर्ध्यावर आणून मग जोर लाव. माझा पाय घसरला, पोटरी सोलवटली, मला रडू आलं, आणि तो म्हणत होता, 'अजून एकदा, रागावून मार.' मी खरंच रागावून मारली. गाडी सुरू झाली, धम्मपाल. हँडल वाकलेलं, मागचा मडगार्ड तुटलेला, पण इंजिन असं स्वच्छ वाजत होतं की अम्मी हातातला तांदूळ तसाच ठेवून बाहेर आल्या. मी ओरडून विचारलं, सीझ झालेलं इंजिन चालू कसं होतं? मोईज म्हणाला, 'सीझ? कोण म्हणालं सीझ?'

त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मग त्याने सांगितलं. उडी हवी त्यापेक्षा लांब गेली, गाडीचं नाक वर उचललं गेलं, म्हणून त्याने हवेतच मागचा ब्रेक दाबला. दाबतात तसा, नाक खाली यावं म्हणून. पण घाबरून जास्त दाबला आणि क्लच ओढायचा राहून गेला. त्यानेच इंजिन बंद पडलं आणि नाक यायचं त्याहून फार खाली आलं. 'धम्मूच्या इंजिनने दगा नाही दिला, मीच त्याचा गळा दाबला,' असं म्हणाला. सरदारभाई तिथेच बसले होते. तुझा नंबर त्यांनीच लावला. तो लागला नाही. त्यानंतरही ते लावत राहिले.

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी गाडी सुरू करायला लागले. मोईजला तो आवाज ऐकायचा असे, पाच-सात मिनिटं. गाडी जागच्या जागी चालू ठेवणं, तुमच्या भाषेत आयडल, या इंजिनांना चांगलं नसतं, हे त्यानेच मला शिकवलं. वारा लागत नाही, रेडिएटरमधलं पाणी तापतं, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. मी म्हटलं, मग कशाला? तर म्हणे, 'आयडलवरचे तास अर्धेच धरायचे.' तू ऐकलं असतंस तर त्याच्या अंगावर धावून गेला असतास. मग मलाही कामाला लावलं. एअर फिल्टर धुताना मी तो कपड्यासारखा पिळला, तेव्हा हा तिथून किंचाळला, 'पिळू नको, दाब! फाटेल तो!' मी ऑइल बदलायला शिकले, ते बोटावर चोळून उन्हात धरून बघायला शिकले. शेजारी कुरकुरले, धुराने अम्मींना खोकला लागला. मला तर त्या गाडीचा रागच होता. जिने त्याची मान मोडली तिचं मी रोज करत होते. पण तेवढा वेळ मोईज मला शिव्या द्यायचा, चुका काढायचा, अगदी पूर्वीसारखा. उरलेल्या दिवसात तो फक्त 'हो' आणि 'नको' म्हणतो.

असं करत करत मीटर पुढे सरकलं. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा गेली नाही आणि तास मात्र भरत गेले. पावसाळा संपता संपता थंड इंजिनातून टकटक येऊ लागली. मला ती कळली नाही, त्याला कळली. म्हणाला, 'पिस्टन आवाज करतोय. धम्मूला बोलाव.' मी सांगितलं, तो सापडत नाही. रावेतचा निरंजन, तुमच्याबरोबर ट्रॅकवर यायचा तो, चांगल्या मनाने म्हणाला, मी करून देतो वहिनी. मोईजने नको म्हटलं. मी समजावलं, अम्मींनी समजावलं. त्याचं एकच, 'धम्मूने बांधलंय, धम्मूच उघडेल.' दर दोन-चार दिवसांनी विचारायचा, लागला का फोन? मी 'बघते' म्हणायचे. शेवटी त्याने विचारायचं सोडलं. मला बरं वाटलं. एक प्रश्न तरी कमी झाला, असं वाटलं. इतकी मी दमले होते.

मधे त्याला छातीत कफ झाला, दुसऱ्यांदा. त्याला जोरात खोकता येत नाही, पोटात ताकद नाही. आपणच छातीखाली दाबून कफ सुटायला मदत करायची. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, औषधं देतोय, पण त्यानेही जोर लावला पाहिजे, आता तो लावत नाहीये. मी विचारलं, तो लावेल म्हणून मी काय करू? ते चांगले आहेत, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, ते मला सांगता येणार नाही.

आणि आता हे पत्र का लिहितेय ते. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी मी नेहमीसारखी गाडीजवळ गेले. मोईज म्हणाला, 'राहू दे.' मला वाटलं, दमलाय. दुसऱ्या दिवशी म्हणाला, 'नको.' तिसऱ्या दिवशी मी त्याला न विचारताच किक मारली. टकटक इतकी वाजत होती की मलासुद्धा ऐकू आली. मी वाट बघत राहिले, आता ओरडेल, इंजिनची वाट लावतेस म्हणेल. त्याने डोळे मिटले आणि अम्मींना म्हणाला, शटर खाली ओढा. आठवडा झाला. त्याने मला एकही शिवी दिलेली नाही. चमचा तोंडाशी नेला की तोंड उघडतो, कारण न उघडलं तर मी रडेन हे त्याला माहीत आहे. धम्मपाल, मला पिस्टनचं काही पडलेलं नाही. तू हत्यारं आण, नको आणू, त्या इंजिनाचं काहीही होऊ दे. तू आल्याने तो बरा होणार नाही, हे मला कळतं. तो बोलेलच असंही नाही. पण तू ये आणि त्याच्याशी भांड. आयडलवर तास का वाढवलेस म्हणून भांड, क्लच का नाही ओढलास म्हणून भांड, मला का नाही शोधलंस म्हणून भांड. घरात आता त्याच्याशी भांडणारं कोणी उरलेलं नाही. मी करून बघितलं, मला जमत नाही. ज्याला आपण भरवतो, त्याच्याशी भांडता येत नाही रे.

तुझी भाभी व्हायच्या आधीपासून तुझीच मैत्रीण,
रुबीना