ठमीला बिस्कीट देऊ नका

अहो,

मी कामावर निघाले. तुम्ही उठाल तेव्हा ठमी दाराशी घुटमळत असेल. तिला जिना उतरू देऊ नका, उचलून खाली न्या. जेमतेम वर्षाचं कुत्रं, आणि सांधे पणजीचे!

पहाटे तिने पुन्हा अंथरूण भरवलं. ते धुताना तुमचा सदराही घेतला, तर खिशात बिस्किटाचा चुरा. आता म्हणाल, "बिचारी लंगडते गं, म्हणून एवढंसं दिलं." अहो, पोट बिघडलं की डॉक्टरीणबाई दुखण्याची गोळी बंद करायला लावतात. गोळी बंद झाली की ती जागची उठत नाही. तुमची दया तिच्याच मुळावर येते, हे किती वेळा सांगू? असंच चाललं तर मागचे पाय कायमचे जातील, असं त्या मला म्हणाल्यात. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते. पोटच्या पोरांना कधी खाऊ आणला नाहीत आणि हिच्यापुढे मात्र विरघळता!

दुपारी झाकून ठेवलेला मऊ भातच द्या. तो खाऊनही ती तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. तेव्हा शेजारी बसा आणि तिचे पाय हलक्या हाताने चोळा. तेवढं तिला पचतं.