इमारतीची शोभा

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

माझी तब्येत ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं, तेव्हा काळजी करू नका. आईचा खोकला कमी झाला का?

तुम्ही आमच्या विद्यार्थी संघाच्या जुन्या इमारतीबद्दल विचारलं होतं. बाहेरून बघाल तर डोळ्यांचं पारणं फिटेल. दगडी कमानी, रंगीत काचा, सभागृहाला कोरीव लाकडी छत. फक्त मुलीही कधी शिकायला येतील, हे बांधणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नाही. मुलांचं स्वच्छतागृह सभागृहाला लागून आहे, तेही संगमरवरी. आम्हा मुलींचं मात्र थेट मागच्या अंगणापलीकडे, सायकलींच्या शेडपाशी. आणि एकच.

ते आत बांधावं, असा ठराव मी काल मांडला. चर्चा इतकी लांबली की मलाच जाऊन येणं भाग पडलं. मी तिकडे रांगेत उभी असताना इकडे संघातल्या मुलांनी मतदान उरकलं आणि ठराव फक्त एका मताने पडला. अध्यक्ष मला म्हणतो, "भिंत फोडली तर इमारतीची शोभा जाईल." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

खोलीवर आल्यावर आठवलं, हे वाक्य मी आधी ऐकलंय. घर बांधताना आईने स्वयंपाकघराला खिडकी मागितली, तेव्हा तुम्हीही हेच म्हणाला होतात. ती अजून त्या धुरात खोकतेय.

मी सुट्टीत येतेय, त्याआधी गवंड्याला बोलावून ठेवा. मतदान घ्यायचंच असेल, तर आधी आईला स्वयंपाकघरातून बाहेर बोलवा.

तुमचीच,
धाकटी