माझ्यासाठी उठलेला बेकरीवाला

आईला धाकटीचा वाकून नमस्कार,

आधी आनंदाची बातमी देते. मी आमच्या वॉर्डातून निवडून आले! बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांनाही लगेच सांग.

देवाधर्माचा विषय काढू नकोस, असं तू बजावलं होतंस. मी नाही काढला. पण शेवटच्या सभेत एका आजोबांनी विचारलंच, "तुमचा देव वेगळा. आमचं दुःख तुम्हाला कसं कळणार?"

मी म्हटलं, "माझ्या देवाला मी रोज हात जोडते, ते लपवणार नाही. पण तुंबलेल्या गटाराचं पाणी माझ्याही दारात येतं."

तेवढ्यात कोपऱ्यावरचा बेकरीवाला उठला. त्याचं दुकान फोडल्याचा आरोप असलेल्या माणसाची वकील मीच होते, आणि तो सुटला होता.

"ही बाई कोर्टात माझ्याविरुद्ध उभी राहिली," तो म्हणाला. "मला अजून राग आहे. पण ज्याच्या बाजूनं कुणीच नव्हतं, त्याच्यासाठी ही जीव तोडून बोलली. आपल्यासाठी तशी बोलली तर मला पुरे. तिचा देव तिच्यापाशी."

आई, मी सगळ्यांदेखत रडले गं.

प्रचाराच्या दिवसांत कुणीतरी दगड मारून फोडलेली दाराची काच बदलून घेतली आहे. आता सगळं शांत आहे, काळजी करू नकोस.

आज सकाळी समोरची शेजारीण आली. "खरं सांगते, मत तुम्हाला नाही दिलं," ती म्हणाली, "पण घरमालकाची नोटीस आलीय. जरा वाचून सांगता?"

मी तिला आत बसवलं आणि चष्मा शोधायला लागले.

तुझी,
धाकटी