सुनंदाचे तीन सेकंद

३ फेब्रु. २००८, रविवार
मेहुणीकडे शांती नगरला जेवण. निघताना शोभाने तिच्या लेकीच्या बारशाची कॅसेट हातात ठेवली. ताईचा उखाणा आहे म्हणाली. सुनंदाला जाऊन आठ महिने. घरात फोटो दोन पेट्या, आवाज एकही नाही.

५ फेब्रु.
ऐकली. ‘खाडीच्या पाण्यावर बगळ्यांचा थवा…’ आणि ऐन नावाच्या जागी मी. ‘नाव तरी आठवतंय का?’ मग हशा. बायका हसल्या, मी धन्य झालो, हेही रेकॉर्ड झालंय. बावीस वर्षं बाईने ‘अहो’वर भागवलं. एकदाच नाव घ्यायला उभी राहिली, तर नवरा नेमका विनोदी लेखक.

९ फेब्रु.
कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. नेटवर एक फुकट सॉफ्टवेअर मिळालं. आवाज हवा तेवढा ताणा, पट्टी उतरत नाही. तीन सेकंदांचा अर्धा तास. सरकारी कचेऱ्यांना ही विद्या आधीपासून येते. माझं बोलणं लांबवलं तर खालून तिचं सापडेल, असा हिशोब. निम्मं होईतो लाइट गेली. पुन्हा पहिल्यापासून.

१० फेब्रु.
शब्द राहतच नाहीत. तिच्या बांगड्यांची लांबलचक घंटा होते. माझा विनोद म्हणजे बोगद्यातली घरघर, संपता संपत नाही. पहिल्यांदाच त्यावर कुणी हसलं नाही. घरघरीच्या खाली एक बारीक सूर आहे. तिचा?
वरच्या मेहताबेन जिन्यात भेटल्या. ‘भाईसाब, घर में पूजा रखी है? बहुत शांति लगती है.’ हो म्हटलं.

१४ फेब्रु.
ऑफिसला दांडी. आता दोन तासांचं केलंय. माझ्या आधी तिने घेतलेला श्वास स्वच्छ ऐकू येतो. ओळखीचा आहे. काहीतरी बोलायचं असलं की असा घ्यायची. मग ‘काही नाही’ म्हणून पोळ्या लाटायला जायची. मी कधी विचारलं…
संपादकांचा फोन, सदर कुठाय. सुचत नाही म्हटलं. त्यांना तो विनोद वाटला.

१७ फेब्रु.
शोभा आली. ऐकवलं. पाच मिनिटांत पदर कानावर.
‘बंद करा, भावोजी. ताई अडकलीय त्यात.’
चहा घेताना मग बोलली. त्या दिवशी ताईने नाव घेतलंच नाही. तुम्ही मधे बोलायला लागलात तशी तिने हातातलं ताट खाली ठेवलं, म्हणाली, ‘यांनाच बोलू दे.’ आणि आत गेली.
नक्की? म्हटलं.
‘मी शेजारीच होते.’
मग खालचा सूर कुणाचा? शोभा उठली. कप विसळून ठेवला, चपला घातल्या.

१९ फेब्रु.
शोभा पाळण्यापाशी होती. वीस बायकांचा गलका. तिला तरी काय ऐकू आलं असणार.
किंवा आलं असेल.

२० फेब्रु.
माझं वाक्य कापून काढता येत नाही, त्यासोबत खालचंही जातं. म्हणून फक्त सुरुवातीचा तुकडा घेतला, श्वास आणि त्यापुढचं थोडंसं. सहा तासांचा केला. सकाळी नऊला लावलाय. आता दोन वाजतायत. सूर अजून चढतोय, म्हणजे ती अजून श्वास आत घेतेय. पुढे नाव आहे की ताट ठेवल्याचा आवाज, ते तीनपर्यंत कळेल.
फोन वाजतोय. शोभाच असणार. उचलत नाही. या वेळी मधे बोलायचं नाही.