खडी वाजते, हिरवळ वाजत नाही

मांजरी, पुणे
३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

आपल्याला फोनवर धड ऐकू येत नाही आणि मला धड बोलता येत नाही, कारण आनंदचे कामाचे टेबल जिन्यापाशीच आहे. म्हणून हे पत्र. भाजीवाली सरुबाई ते पेटीत टाकेल.

आमच्या परसात सध्या नुसती माती आहे. आमची कुत्री बुंदी ती मन लावून उकरते आणि सोफ्यावर आणून वाढते. आनंद म्हणतो, खडी टाकू. नम्रता म्हणते, टर्फ हवे, म्हणजे ती प्लास्टिकची हिरवळ. नवराबायकोने निवाडा आपल्यावर सोपवला आहे. या घरात मामांच्या शास्त्राला अजून मान आहे, आईच्या म्हणण्याला नसला तरी.

आता खरे कारण. दिवाळीनंतर मी कालव्याच्या रस्त्यावर पडले, तेव्हापासून आनंद मला एकटीला बाहेर सोडत नाही. पुढच्या दाराचे कुलूप त्याच्या मोबाइलवरूनच उघडते. हे सारे प्रेमापोटी, त्यात शंका नाही. माझ्यासाठी उरले परसातले लहान दार. दोघे वर मीटिंगमध्ये गुंतले की बुंदीला घेऊन मी तिथून हळूच निघते, सरुबाईच्या पाटीशी घटकाभर टेकते आणि परतते. दिवसात तेवढीच मी माझी असते.

खडी पायाखाली वाजते, दादा. तोच तिचा मोठा गुण, असे आनंदचे म्हणणे. आपण काय ते समजून घ्यावे.

आपला लोभ आहेच. तो या खेपेस कामी यावा.
आपली,
शीला


नारायण पेठ, पुणे
८ फेब्रुवारी २०२५

चि. आनंद यास,
अ. उ. आ.

तुमचा प्रश्न कळला आणि मन अगदी प्रसन्न झाले. निवृत्तीनंतर मला इतका चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता. आपण तो क्रमाने सोडवू.

प्रथम कुत्रे काय करते ते पाहू. ते धावते, उकरते, चघळते आणि ओले करते. टोकदार खडीने पंजाची गादी सोलवटते आणि बारीक खडे बोटांत रुततात. चघळण्याची खोड असलेले जनावर खडा गिळतेही. मग पोट फाडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. गोल गोट्यांनी पहिली अडचण टळते, शेवटची टळत नाही. खडीतून पाण्याचा निचरा उत्तम होतो, हे मात्र मान्य केले पाहिजे.

टर्फचेही दोष सांगतो, नाहीतर तुला वाटेल मामा पक्षपाती आहे. एप्रिलच्या उन्हात ते भाजण्याइतके तापते. वर हिरवी जाळी बांधावी. रोज पाणी मारले नाही तर वास धरते. एवढे सांभाळलेस तर त्यासारखी सोय नाही. सारे मर्म खालच्या तयारीत आहे. माती खरवडून खडीचा थर द्यावा (तुझीही हौस भागेल!), त्यावर कच, म्हणजे दगडाची भुकटी, पसरून, पाणी मारून घट्ट चोपावी आणि मागच्या भिंतीकडे हलका उतार ठेवावा. कडा चहूबाजूंनी पक्क्या बांधाव्यात. कुठेही फट राहू देऊ नये, कारण फट दिसली की कुत्रे तिथूनच सुरुवात करते.

सबब, टर्फच घ्यावे. बुंदीच्या पंजांना माझे आशीर्वाद सांग. पत्रोत्तराची वाट पाहणारा,
बापूमामा


मांजरी, पुणे
४ मार्च २०२५

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र ठेकेदाराला वाचून दाखवले. तो म्हणाला, हे साहेब साइटवर येणार नसतील तरच काम घेतो. काम झकास झाले आहे. नम्रता जिंकली, त्यामुळे घरात शांतता आहे.

एकच अडचण आली. थर दिल्यावर जमीन उंचावली आणि मागचे लहान दार उघडेना. दार कापावे तर खाली फट राहणार, आणि तुम्ही तर कुठेही फट नको असे बजावले होते. म्हणून दारच काढले आणि तिथे वीटकाम करून घेतले. पाणी जायला भिंतीतून पाइप ठेवला आहे.

खरे सांगतो, मामा, त्या दाराचा मला घोर होता. आई पडली तेव्हा मी कॉलवर होतो. सरुबाईने बेल वाजवली तेव्हा कळले. अजून बेल वाजली की मी आधी आईला हाक मारतो. तुमच्यामुळे ती काळजी मिटली.

असेच मार्गदर्शन मिळत राहो.
आपला,
आनंद


मांजरी, पुणे
१० मार्च २०२५

ती. स्व. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

हिरवळ फार सुरेख झाली आहे. पाऊल अजिबात वाजत नाही. मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते आणि परत येते, कोणाला पत्ता लागत नाही.

पाण्याला वाट ठेवली आहे. बुंदी त्या पाइपाशी नाक लावून बसते. सरुबाई पलीकडून हाक मारते, मी वाकून पाइपातून उत्तर देते. परवा नम्रताने पाहिले आणि आनंदला सांगितले की आई हल्ली भिंतीशी बोलतात. आता मला डॉक्टरांना दाखवायचे ठरते आहे.

हे पत्र सरुबाईला पाइपातूनच देते आहे, चुरगळले असेल तर माफी असावी. आपल्याला दोष देत नाही. आपण लहानपणापासून उत्तर नेहमी संपूर्णच देता.

माझी आठवण असू द्यावी.
शीला


नारायण पेठ, पुणे
१४ मार्च २०२५

चि. आनंद यास,
अ. उ. आ.

या पत्रात शास्त्र नाही. मागच्या पत्रातले प्रत्येक वाक्य खरे होते, पण ते बुंदीसाठी लिहिले नव्हते. तुझी आई रोज मागच्या दाराने बाहेर जात असे. खडी वाजली असती, म्हणून मी हिरवळ सुचवली. हे तिला न विचारता तुला कळवतो आहे. ती रागावेल, तिचा राग मी सोसेन. ती भिंतीशी बोलत नाही, सरुबाईशी बोलते. डॉक्टरांची वेळ रद्द कर.

ती पडली तेव्हा तू तिथे नव्हतास, म्हणून तुला ती रोज पडताना दिसते. हे मी जाणतो. परंतु तुझी भीती तिने घरात बसून किती दिवस सांभाळायची?

सोमवारी सकाळी स्वारगेटहून बसने येतो. शीला, बुंदी आणि मी कालव्यावर फिरायला जाऊ. तूही चल, तिचा दुसरा हात धर. परतल्यावर दाराचे माप घेऊ. मी तुमची बेल दाबीन. ती वाजते की नाही हे मला ऐकू येत नाही, त्यामुळे बोट काढणार नाही.

लोभ आहेच, दार उघडावे, ही विनंती.
तुझा,
बापूमामा