पडलेली गिटार

जावईबापू,

लेक घरी आली ती मोडकी बेस गिटार घेऊनच. "हातातून पडली," असं तुम्ही फोनवर सांगितलंत. मी चाळीस वर्षं सुतारकाम केलंय. पडून तुटलेलं लाकूड वेगळं आणि गुडघ्यावर धरून मोडलेलं वेगळं. या गिटारीची मान बरोबर मधोमध मोडली होती. शिवाय नुसत्या पडण्याने तारांचा आवाज पकडणारे आतले पिकअपसुद्धा वायरींसकट उपटून येतात, हे ज्ञान मला तुमच्यामुळेच झालं. खोटं बोलायलासुद्धा थोडं कसब लागतं हो. तुमच्यात तेही नाही.

आठवडाभर ती गिटारीकडे फिरकली नाही. शेवटी मीच नवी मान मागवली. ती खाचेत बसेना, म्हणून दोन दिवस घासत बसलो. पिकअपच्या वायरींना सोल्डरचे डाग द्यायला मात्र तिला हाक मारली, कारण माझा हात आता कापतो.

"बाबा, तुम्ही फक्त वायर धरा," म्हणाली आणि एकेक डाग स्वतः दिला.

तारा चढवून, गिटार स्पीकरला जोडून तिने पहिला सूर छेडला तेव्हा कपाटाच्या काचा खडखडल्या. कितीतरी दिवसांनी ती हसली.

मग हा कागद तिला दिसला.

"त्याला लिहिताय?"

"हो."

"पाठवू नका. तो उत्तर देईल, आणि आपल्याला ते वाचावं लागेल."

मला पटलं.

आता तुमचा कोणीही नसलेला,
तिचा बाप